'उपहार'ची बाल्कनी आणि आपला हॉल

गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमात नाटकाचा दुसरा अंक पंचवीस मिनिटे उशिरा सुरू झाला, ते बहुतेकांना आठवत असेल. मध्यंतरात गावचा फायर मार्शल हॉलमध्ये डोकावला. दोन्ही बाजूंच्या वाटांमध्ये मांडलेल्या घडीच्या खुर्च्या त्याने पाहिल्या आणि त्या उचलल्याशिवाय पडदा वर जाणार नाही असे अगदी शांतपणे सांगितले. मग एकच गडबड उडाली. कुणी म्हणाले, याला आपली भरभराट बघवत नाही. कुणी म्हणाले, चर्चच्या कार्यक्रमाला हा जातो का? आमच्या एका ज्येष्ठ काकांनी तर "तिकडे शिवाजी मंदिरात आम्ही पायऱ्यांवर बसून नाटकं पाहिली, कुणी मेलं नाही," असे ऐकवले आणि त्यावर टाळ्याही पडल्या.

टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. त्या खुर्च्यांपैकी निदान दहा-बारा मी स्वतः कॅफेटेरियातून आणून मांडल्या होत्या. तिकिटे संपली होती, लांबून गाडी हाकत आलेल्या मंडळींना परत कसे पाठवायचे, असा प्रश्न होता. मला त्यावेळी मी चांगले काम करतो आहे असेच वाटत होते.

त्यानंतरच्या हिवाळ्यात दोन गोष्टी एकदमच हाती आल्या. एक, नीलम आणि शेखर कृष्णमूर्ती यांचे 'ट्रायल बाय फायर' हे २०१६ सालचे पुस्तक, आणि त्यावरून २०२३ च्या जानेवारीत नेटफ्लिक्सवर आलेली त्याच नावाची मालिका. दुसरी, आपल्या वास्तू समितीने सर्व सभासदांना पाठवलेली नव्या हॉलची रंगीत पुस्तिका. दोन्ही एकाच आठवड्यात वाचल्यामुळे असेल, पण मला ती वेगळी करता येईनात. म्हणून हा लेख पुस्तकाविषयी आहे, मालिकेविषयी आहे, आणि थोडा आपल्याविषयीही आहे.

आपल्यापैकी बरेच जण १९९७ पूर्वीच देशाबाहेर पडलेले, तेव्हा थोडी उजळणी करतो. १३ जून १९९७, शुक्रवार. दिल्लीच्या ग्रीन पार्क भागातील 'उपहार' चित्रपटगृहात 'बॉर्डर' नुकताच लागला होता. दुपारी तीनचा खेळ. तळमजल्यावर गाड्या ठेवण्याची जागा होती आणि तिथेच दोन ट्रान्सफॉर्मर होते, एक खुद्द चित्रपटगृहाचा आणि दुसरा, मोठा, वीज मंडळाचा. त्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरला सकाळी सातच्या सुमारास एकदा आग लागून गेली होती. ती विझवली, साडेदहा-अकराच्या दरम्यान वीज मंडळाच्या लोकांनी दुरुस्ती केली आणि साडेअकराला वीज पुन्हा सुरू झाली. केबलचे टोक ज्या यंत्राने घट्ट दाबून बसवायचे ते यंत्र वापरले नव्हते. हातोडीने ठोकून काम भागवले होते. दुपारी पाचच्या सुमारास ते जोडकाम सुटले, केबल रेडिएटरवर पडली, तेल गळून पेटले. शेजारी गाड्या उभ्या होत्या, नियमापेक्षा कितीतरी जवळ. धूर जिन्याच्या वाटेने आणि वातानुकूलनाच्या मार्गाने वर चढला.

५९ माणसे गेली, शंभरावर जखमी झाली. मेलेल्यांना आगीची झळ लागली नव्हती, ती गुदमरून गेली. कृष्णमूर्तींची दोन मुले त्यांत होती, मुलगी सतरा वर्षांची आणि मुलगा तेरा.

पुस्तकाचा सगळा जोर एका प्रश्नावर आहे आणि तो आईने विचारलेला आहे. खालच्या हॉलमधले प्रेक्षक बाहेर पडले, मग बाल्कनीतले का पडू शकले नाहीत? दोन्हीकडे एकच चित्रपट, एकच धूर. हा प्रश्न कुणा तज्ज्ञाला सुचण्याआधी तिला सुचला, तोही मुलांचे दिवस झाले न झाले तोच, वर्तमानपत्रे वाचता वाचता. पुढची वीस वर्षे नवरा-बायको मिळून या एका प्रश्नाचे उत्तर शोधत राहिले. न्यायालयात वकिलांच्या मागच्या बाकावर बसून, निकालपत्रे पाठ करून, ३० जून १९९७ ला इतर कुटुंबांबरोबर संघटना उभी करून.

उत्तर वाचताना मला कागद-पेन्सिल घ्यावी लागली. खुर्च्यांचा इतिहास पुस्तकात तुकड्यातुकड्यांनी येतो, तो एकत्र मांडल्याशिवाय चित्र दिसत नाही. ही मला पुस्तकाची एक उणीव वाटते. न्यायालयाचे निकालपत्र शेजारी ठेवले की ते भरून निघते. तर असे: चित्रपटगृह १९७३ साली सुरू झाले तेव्हा बाल्कनीत अडीचशे खुर्च्या होत्या आणि दोन्ही बाजूंना बाहेर पडण्याची सोय होती. १९७६ साली सरकारने दिल्लीतल्या चित्रपटगृहांना जादा खुर्च्यांची मुभा दिली, तेव्हा बाल्कनीत ४३ वाढल्या आणि उजवीकडच्या वाटेची जागा त्यांत गेली. १९७८ साली मालकांच्या कुटुंबासाठी आठ खुर्च्यांचा खाजगी बॉक्स झाला, आणि त्याने उजव्या बाजूचे दार बंद झाले. १९७९ मध्ये सरकारने जादा खुर्च्यांची मुभा मागे घेतली, पण सगळ्या खुर्च्या निघाल्या नाहीत, आणि १९८० साली आणखी १५ आल्या. शेवटी बाल्कनीत तीनशेवर खुर्च्या आणि बाहेर पडायला व्यवहारात एकच बाजू. त्या दिवशी धूर शिरल्यावर ना कुणी ध्वनिक्षेपकावरून सांगितले, ना आणीबाणीचे दिवे लागले. बाल्कनीच्या दारावरचा कर्मचारी कडी न काढताच निघून गेला.

एक खुर्ची वाढवली म्हणून कुणी मरत नाही. दुसरी वाढवली म्हणूनही नाही. प्रत्येक बदलाला त्या त्या वेळी कुणाची तरी सही होती, आणि सही करणाऱ्याने फक्त तो एक बदल पाहिला. माझ्या धंद्यात हे रोज घडते. वीस वर्षांत वीस जणांनी प्रोग्रॅममध्ये एकेक निरुपद्रवी दुरुस्ती करायची, आणि एकविसाव्या माणसाच्या हातून सगळेच कोसळायचे. दोष एकविसाव्याला द्यायचा.

आणि म्हणूनच पुस्तक वाचताना पहिले शंभर-एक पाने माझी लेखकांशी मनातल्या मनात भांडणे चालली होती. त्यांचे सगळे लक्ष दोन माणसांवर, म्हणजे चित्रपटगृहाचे मालक असलेल्या अन्सल बंधूंवर. आम्हां इंजिनिअर लोकांना शिकवलेले असते की अपघातानंतर 'कोणी' केले हे विचारू नका, 'कसे' झाले ते विचारा. दोषी शोधायला निघालात की लोक माहिती लपवतात, आणि पुढचा अपघात टळत नाही. त्या हिशेबाने पाहिले तर इथे वीज मंडळ दोषी, परवाना देणारे पोलीस खाते दोषी, तपासणी करणारे अग्निशमन दल दोषी, महापालिका दोषी. एवढी मोठी साखळी असताना हे जोडपे दोनच कड्यांना धरून का बसले आहे? सूड हवा आहे का त्यांना?

माझे मत बदलले ते बचाव पक्षाचे म्हणणे वाचून. वीज मंडळाचा ट्रान्सफॉर्मर, त्यात आमचा काय संबंध? खुर्च्यांना सरकारची परवानगी होती. तपासणीला अधिकारी येत होते, त्यांनी कधी हरकत घेतली नाही. आणि कंपनीत आता आम्ही संचालकही नाही, रोजचा कारभार व्यवस्थापक पाहतात. मी जी साखळी मोठ्या शहाणपणाने मांडत होतो, तीच जशीच्या तशी इथे ढाल म्हणून पुढे केलेली होती. सगळेच जबाबदार म्हटले की कुणीच नाही असे ठरते, आणि ते ठरवून घ्यायला चांगले वकील लागतात, बाकी काही नाही. कृष्णमूर्तींना हे माझ्या कितीतरी आधी कळले होते. साखळीतल्या किती कड्यांना बाल्कनीची उजवी बाजू उघडण्याचा अधिकार होता, हा त्यांचा खरा प्रश्न आहे. ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करणाऱ्याला तो नव्हता. दारावरच्या माणसाला नव्हता. ज्याच्या ताब्यात इमारत, त्याला होता.

त्यातही एक गोष्ट पुस्तकापेक्षा निकालपत्रात अधिक ठसठशीत दिसते. १९८३ साली दिल्लीतल्या बारा चित्रपटगृहांचे परवाने सुरक्षेतल्या त्रुटींसाठी स्थगित झाले होते, त्यांत 'उपहार' होते. मालक न्यायालयात गेले, स्थगितीला स्थगिती मिळाली आणि पुढची चौदा वर्षे खेळ चालू राहिले. मध्येच १९८९ मध्ये त्याच इमारतीत ट्रान्सफॉर्मरची एक आग होऊनही गेली. म्हणजे सूचना मिळाली नव्हती असे नाही.

पुढे काय झाले ते थोडक्यात. २००७ मध्ये खालच्या न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले, अन्सल बंधूंना दोन वर्षे. २००८ मध्ये उच्च न्यायालयाने ती एक वर्षावर आणली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येकी तीस कोटी रुपये भरायला सांगून तुरुंगात काढलेले दिवस पुरेसे मानले. २०१७ मध्ये त्यात बदल करून धाकट्या भावाला एक वर्षाची शिक्षा कायम केली, थोरल्याला वयामुळे सोडले. पुराव्याची कागदपत्रे फाडल्या-बदलल्याबद्दल २०२१ मध्ये दोघांना सात वर्षे झाली, ती २०२२ मध्ये भोगलेल्या काळाइतकी झाली. पुस्तक २०१६ चे असल्याने हे शेवटचे अध्याय त्याच्या पहिल्या आवृत्तीत नाहीत, पण त्यामुळे काही बिघडत नाही. निकालापेक्षा तारखा कशा पडत गेल्या ते वाचण्यासारखे आहे.

पुस्तकाची भाषा साधी आहे, कधी कधी सपाट. काही ठिकाणी राग आवरलेला नाही आणि त्याच त्याच गोष्टी पुन्हा येतात. संपादकाने हात फिरवला असता तर बरे झाले असते असे वाटते, आणि लगेच असेही वाटते की कुणाला हात फिरवायचा धीर झाला असता?

मालिकेचे तसे नाही. ती बेतून केलेली आहे. प्रशांत नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्वांत चांगला निर्णय घेतला तो हा की आग आधी दाखवायची नाही. सुरुवातीला दिसतात ती मुले घरातून निघताना आणि आईबाप त्यांची वाट पाहताना. प्रत्यक्ष ती दुपार अखेरच्या भागात येते, आणि तोपर्यंत प्रेक्षकाला बाल्कनीचा नकाशा पाठ झालेला असतो, त्यामुळे तो पाहवत नाही. आपल्या मराठवाड्याच्या राजश्री देशपांडे यांनी नीलमचे काम केले आहे. रडण्याच्या जागी त्या रडत नाहीत. फाईल काखेला मारून त्या ज्या चालीने न्यायालयाच्या पायऱ्या चढतात, त्यात वर्षे गेलेली दिसतात. अभय देओल यांनी शेखर मुद्दाम एक पाऊल मागे ठेवला आहे, तेही योग्य.

मला मात्र सर्वांत महत्त्वाचा वाटला तो राजेश तैलंग यांचा वीज मंडळाचा कामगार. ज्याने हातोडीने ते टोक ठोकले तो माणूस. पुस्तकात तो आरोपींच्या यादीतले एक नाव आहे. मालिका त्याच्या घरी जाते. हाती साधन नाही, वरून घाई, भागातली वीज गेलेली, आणि हो म्हणण्यावाचून दुसरे उत्तर नाही. त्याची चूक ती चूकच राहते, मालिका ती पुसत नाही. पण एकाच अपघातात तुरुंगाचे दार कुणासाठी किती लवकर उघडते ते कुणी तोंडाने न सांगता कळते. इथे मालिका पुस्तकाच्या पुढे गेली आहे.

जिथे ती फसते ती जागा म्हणजे मालकांच्या बाजूची माणसे. आशिष विद्यार्थी यांचे पात्र कुटुंबांना गाठून, कधी गोडीने तर कधी धाकाने, माघार घ्यायला लावत फिरते. काम उत्तम, पण त्या पात्रामुळे दुष्टपणाला चेहरा मिळतो आणि प्रेक्षक सुटतो. असला धंदा आपण कधी करत नाही, तेव्हा आपला काही संबंध नाही, असे म्हणत तो निर्धास्त झोपू शकतो. बाल्कनीत चार खुर्च्या वाढवताना कुणी मिशीला पीळ दिला नसेल. बहुधा कुणीतरी म्हणाले असेल की मागणी आहे, लोक परत जातात, वाईट वाटते.

म्हणजे आपण दिवाळीत जे म्हणालो तेच.

इथे अमेरिकेत असले काही होत नाही, अशी आपली एक समजूत असते. होते, होऊन गेले आहे, आणि आज जे नियम आपल्याला जाचक वाटतात ते बहुतेक एकेका हॉलच्या राखेतून आलेले आहेत. शिकागोचे इरोक्वॉय थिएटर नवे कोरे होते, 'संपूर्ण अग्निरोधक' अशी त्याची जाहिरात होती. ३० डिसेंबर १९०३ च्या दुपारच्या खेळाला, नाताळच्या सुट्टीत, मुलाबायकांनी भरलेले असताना ते पेटले आणि सहाशेवर माणसे गेली. दारे होती, पण काही कुलूपबंद आणि काही गोऱ्या साहेबालाही न उघडणाऱ्या चमत्कारिक कड्यांची. त्या खेळाला जाणार असलेला आणि योगायोगाने वाचलेला कार्ल प्रिन्झलर नावाचा इंडियानापोलिसचा एक हार्डवेअर व्यापारी नंतर त्या कड्यांच्याच मागे लागला. छातीने रेटले तरी उघडणारा दारावरचा आडवा दांडा त्याच्या खटपटीतून बाजारात आला. आपल्या मुलांच्या शाळेत प्रत्येक दारावर आहे तो. (तो बनवणारी कंपनी व्हॉनेगट कुटुंबाची. कादंबरीकार कर्ट व्हॉनेगट त्याच घराण्यातले.)

बॉस्टनच्या कोकोनट ग्रोव्हची गोष्ट तर 'उपहार'च्या शेजारी ठेवून वाचावी. २८ नोव्हेंबर १९४२. नाइट क्लबची मर्यादा ४६०, आत अंदाजे हजार माणसे. मुख्य दार गोल फिरणारे, ते माणसांच्या रेट्याने अडकले. जिन्याच्या डोक्याशी असलेले दार बंद ठेवलेले, गिऱ्हाइकांनी पैसे न देता तिथून सटकू नये म्हणून. ४९२ मृत्यू. आग कशी लागली हे शेवटपर्यंत अधिकृतपणे ठरले नाही. एका पोऱ्याने दिवा बसवताना काडी ओढली होती, सगळ्यांची बोटे त्याच्याकडे वळली. पण मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाने काडीला महत्त्व दिले नाही. मालक बार्नी वेलान्स्की त्या रात्री तिथे नव्हताच, काही दिवसांपासून तो रुग्णालयात होता. आठच दिवस आधी अग्निशमन खात्याच्या तपासनिसाने जागा ठीक असल्याचे लिहून दिले होते. तरीही १९४३ मध्ये वेलान्स्की दोषी ठरला आणि १९४४ मध्ये वरच्या न्यायालयाने ते कायम केले. आग तुम्ही लावली की नाही हा प्रश्नच नाही, लोकांना बोलावून आत घेतलेत, तर त्यांना बाहेर पडता येईल हे पाहणे तुमचे काम होते, असा त्याचा आशय. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल आजही शिकवतात. बारा ते पंधरा वर्षांची शिक्षा झालेल्या वेलान्स्कीला पुढे चार वर्षांच्या आतच माफी मिळाली. देणारा गव्हर्नर आगीच्या वेळी बॉस्टनचा महापौर होता. तेव्हा तिकडचे न्यायालय तेवढे निर्दोष, असेही समजू नये.

आणि हे जुने म्हणून सोडायचे तर ऱ्होड आयलंडमधला स्टेशन नाइट क्लब २००३ चा. वीस फेब्रुवारीच्या रात्री शोभेच्या दारूने भिंतीवरचा फोम पेटला. दीड मिनिटात आतली हवा जगण्यासारखी राहिली नव्हती. शंभर माणसे गेली. इतर दारे असूनही गर्दी लोटली ती आत येताना वापरलेल्या पुढच्या दाराकडे, आणि तिथे माणसांवर माणसे पडली. माणूस ओळखीच्या दाराकडे धावतो. मागच्या दाराची पाटी दिव्याने उजळलेली असली तरी तिकडे कुणीतरी हात धरून न्यावे लागते. म्हणूनच त्यानंतर नियमात प्रशिक्षित 'क्राउड मॅनेजर' आला, दर अडीचशे माणसांमागे एक. आपल्या कार्यक्रमांत तिकीट फाडायला चार, वडापावच्या टेबलावर सहा आणि स्टेजवर पुष्पगुच्छ देणारे आठ स्वयंसेवक असतात. हा एक नसतो.

आपल्या लोकांच्या समारंभांतही काही कमी झालेले नाही. १९९५ च्या डिसेंबरात हरियाणातल्या डबवालीला शाळेचे स्नेहसंमेलन चालू असताना मंडप पेटला, चारशेहून अधिक गेले, बहुतांश मुले आणि त्यांच्या आया. 'उपहार'च्या आधी सहाच दिवस, ७ जून १९९७ ला, तंजावरच्या मोठ्या देवळात कुंभाभिषेकाच्या वेळी यज्ञमंडप पेटून चाळीसहून अधिक. २०२४ च्या ८ ऑगस्टला रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले, शाहू महाराजांनी बांधलेले, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी. आत प्रयोग नव्हता म्हणून माणसे वाचली. त्या रात्री आपल्यापैकी किती जणांनी एकमेकांना फोन केले आणि तिथे पाहिलेल्या नाटकांची नावे घेतली! मीही घेतली. तिथे मागची दारे कुठे उघडत, हे मात्र एकालाही आठवले नाही.

आता पुस्तिकेकडे येतो. वास्तू समितीतले सगळे माझे मित्र आहेत आणि त्यांनी दोन वर्षे रात्री जागवून हे काम केले आहे. चोवीस पाने, उत्तम छपाई. रंगमंच, स्वयंपाकघर, देवघर, वाचनालय आणि देणगीदारांच्या नावांच्या फरशांची तीन पाने. सुरक्षेविषयी एक ओळ: 'सर्व स्थानिक नियमांचे पालन केले जाईल.'

हॉलचे माप ६० फूट बाय ४० फूट दिले आहे आणि '४०० जणांची पंगत' असे म्हटले आहे. जरा गुणाकार करून पाहू. २,४०० चौरस फूट. टेबल-खुर्च्या मांडल्या तर येथील नियमांत माणशी १५ चौरस फूट धरतात, म्हणजे १६०. नुसत्या सुट्या खुर्च्या मांडल्या तर माणशी ७, म्हणजे ३४२. चारशे कुठल्याच हिशेबात बसत नाहीत. पण ४०० हा आकडा छापून गेला आहे, त्यावर देणग्या गोळा झाल्या आहेत, आणि पहिल्या गणपतीला ४०० माणसे येणार आहेत. दारात उभे राहून १६१ व्या माणसाला परत कोण पाठवणार? परवापर्यंत ते काम फायर मार्शल करत होता आणि आपण त्याला नावे ठेवत होतो. शाळेचा हॉल भाड्याचा होता, जबाबदारी बरीचशी शाळेची होती. आपल्या मालकीच्या हॉलमध्ये तो वर्षातून एकदा येईल. बाकीच्या दिवशी इमारत आपल्या ताब्यात असेल.

'ताब्यात' हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे, कारण 'उपहार'च्या आणि बॉस्टनच्या दोन्ही निकालांचा कणा तोच आहे. आपल्या कार्यकारिणीत कुणी पगारी नाही, सगळे हौशी, दर दोन वर्षांनी बदलणारे. त्यामुळे कुणी म्हणेल की स्वयंसेवकांना कायद्याचे संरक्षण आहे. आहे. योगायोग असा की तो केंद्रीय कायदा 'उपहार'च्याच महिन्यात, जून १९९७ मध्ये झाला. पण तो साध्या चुकीला पांघरूण घालतो, घोर निष्काळजीपणाला किंवा माहीत असून केलेल्या बेपर्वाईला नाही. शिवाय तो माणसाला वाचवतो, संस्थेला नाही. आणि हा लेख छापून आल्यावर 'आम्हांला माहीत नव्हते' असे म्हणणे जरा कठीणच जाईल, त्याबद्दल समितीची क्षमा मागतो.

दर दोन वर्षांनी बदलणारी कार्यकारिणी, ही मला सर्वांत मोठी काळजी वाटते. बाल्कनीची उजवी बाजू एका दिवसात बंद झाली नव्हती. आपल्याकडे पहिली समिती मागच्या दाराशी गणपतीच्या मखराचे सामान 'तात्पुरते' ठेवेल. दुसरी त्यापुढे घडीच्या टेबलांची चळत लावेल. तिसऱ्या समितीच्या काळात फुकटे मागून शिरतात म्हणून त्या दाराला साखळी बसेल. हे आपण करूच, कारण गेल्या वर्षी भाड्याच्या हॉलमध्ये ते केलेच होते. सत्यनारायणाच्या वेळी स्मोक डिटेक्टर वाजू नये म्हणून त्यावर चढवलेली प्लॅस्टिकची टोपी नंतर काढली होती का, हे मी तिघांना विचारले. प्रत्येकाला वाटत होते की दुसऱ्याने काढली.

म्हणून येत्या सर्वसाधारण सभेत मी तीन ठराव मांडणार आहे, अनुमोदक हवे आहेत. पुस्तिकेतला ४०० हा आकडा जाहीरपणे मागे घ्यावा, देणगीदारांना कळवून, मग एक-दोघांनी देणगी परत मागितली तरी चालेल. दुसरा, प्रत्येक कार्यक्रमाला एका सभासदाचे नाव आधी छापले जावे, ज्याला दार बंद करण्याचा, माणसे परत पाठवण्याचा आणि खेळ थांबवण्याचा अधिकार असेल, अध्यक्षांना न विचारता. तिसरा, त्या माणसाने दारे तपासल्याची सही वहीत राहावी आणि ती वही नव्या समितीला चाव्यांबरोबर हाती द्यावी. यात अंगठे बहाद्दरी होईल, न बघता सह्या होतील, असे एका मित्राने आत्ताच बजावले आहे. होतीलही. पण सही कुणाची ते तरी कळेल.

पाडव्याच्या कार्यक्रमाला मी अर्धा तास आधी गेलो आणि हॉलचे मागचे दार शोधले. त्यासमोर रांगोळी स्पर्धेचे टेबल होते, वर रंगांच्या पुड्या नीट मांडलेल्या. तिथल्या वहिनींना म्हटले, टेबल जरा हलवायचे आहे. त्या म्हणाल्या, "अहो, दरवर्षी इथेच असतं." दोघांनी मिळून ते उचलले. दार ढकलून पाहिले तर तसूभरही हलेना. बाहेरून बर्फ काढणाऱ्यांनी हिवाळ्यातला ढीग तिथेच टाकला होता आणि तो अजून वितळला नव्हता.